खांद्याची चालती प्रतिकृती: गोळा अखेर वाटीत राहिला

स्नायूंच्या जागी दोर लावून खांद्याच्या सांध्याची प्रतिकृती मी बनवत आहे. मागच्या नोंदीच्या वेळी डेल्टॉइडचा (हात बाजूला उचलणाऱ्या खांद्यावरच्या स्नायूचा) दोर ओढला की दंड बाजूला उचलला जाण्याऐवजी त्याच्या हाडाचा गोळाच वर सरकून अ‍ॅक्रोमिअनवर (खांद्यामागच्या चपट्या हाडाचे, म्हणजे खवाट्याचे, सांध्यावर छपरासारखे आलेले टोक) आपटत होता. ती अडचण आता सुटली आहे. खवाटा स्टँडवर घट्ट बसवलेला असतानाही दंड जवळजवळ आडवा होईपर्यंत उचलला जातो आणि गोळा खवाट्यावरच्या ग्लेनॉइड नावाच्या वाटीतून हलत नाही.

उखळीचा सांधा म्हटला तरी येथील उखळ फारच उथळ असते. एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग वाटीला टेकलेला असतो. त्यामुळे पहिला संशय वाटीवर गेला. सिलिकॉन सीलंटची कड घालून लॅब्रम (वाटीभोवतीची लवचिक कड) तयार केला, गोळा पॉलिश पेपरने घासून त्यावर मेण चढवले. वाटी थोडी खोल झाली खरी, पण घर्षण घटल्यामुळे गोळा पूर्वीपेक्षा सहज वर सरकू लागला! मग सुप्रास्पायनेटसचा (खवाट्याच्या वरच्या भागातून गोळ्यावर येणाऱ्या स्नायूचा) दोर अधिक ताणला. त्याने गोळा वाटीवर दाबला जात होता; परंतु हा दोर जवळपास आडवा ओढतो आणि हात खाली लोंबत असताना डेल्टॉइडची ओढ बरीचशी सरळ वरच्या दिशेने असते, तेव्हा तिच्याविरुद्ध गोळ्याला खाली खेचणारे बळ कोठेच नव्हते.

ते बळ खवाट्याच्या मागचे इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर आणि पुढचा सबस्कॅप्युलॅरिस हे स्नायू पुरवतात. त्यांचे दोर प्रतिकृतीत होते, मात्र टोके वाटीच्या लगत, तिच्याच उंचीवर अडकवलेली होती. प्रत्यक्षात या स्नायूंचे बरेच तंतू खवाट्याच्या पात्यावरून तिरके वर येऊन गोळ्यालगतच्या उंचवट्यांना मिळतात. म्हणून मागच्या दोरांची टोके पात्यावर खाली उतरवली आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिससाठी एकाऐवजी तीन दोर पसरून लावले. त्यानंतरचा बहुतेक वेळ पुढच्या-मागच्या ताणाचा मेळ घालण्यात गेला, कारण मागची ओढ वाढली की दंड बाहेर वळतो आणि पुढची वाढली की आत. इन्मन, साँडर्स आणि अ‍ॅबट या संशोधकांनी १९४४ मध्ये मांडलेले बलयुग्म (वेगवेगळ्या दिशांनी ओढणाऱ्या बळांच्या मेळातून सांधा फिरणे) हाताखाली जाणवले, त्याचा आनंद वेगळाच होता. गंमत म्हणून सुप्रास्पायनेटसचा दोर काढून पाहिला, तरी गोळा जागेवर राहिला. तो स्नायुबंध फाटूनही अनेकांना हात वर का नेता येतो, हे त्यावरून नीट कळते.

साहित्याविषयी माझे मत आता ठाम झाले आहे. इलॅस्टिक दिसायला स्नायूसारखे असले तरी स्वतःच ताणले जाऊन ओढीची दिशा व जोर दोन्ही झाकते, आणि मासेमारीच्या नायलॉन दोरीच्या गाठी सुटतात. विणलेला पॉलिएस्टर दोर सर्वांत भरवशाचा. थ्रीडी छपाई करून देणाऱ्याने मात्र खवाट्याच्या वरच्या कडेची खाच आधाराच्या प्लॅस्टिकने बुजवून पाठवली होती. ती कानसीने मोकळी करावी लागली, कारण सुप्रास्कॅप्युलर नस (मज्जातंतू) तिच्यातूनच न्यायची आहे.

यापुढे खवाटा फिरता करून, हात पूर्ण वर जाताना दंडाचे १२० अंश व खवाट्याचे ६० अंश हा मेळ साधण्याचा बेत होता. तथापि खाच कानसत असताना सुचले की नसांच्या पिवळ्या तारा केवळ शोभेला का लावाव्यात? प्रत्येक नसेला एक तरफ दिली, तर ती सैल करताच त्या नसेचे सर्व स्नायू एकदम ढिले पडतील. सुप्रास्कॅप्युलरच्या तरफेवर सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस येतील. त्यांतील दुसऱ्याला वेगळा हूक दिल्यास, नस पुढे खवाट्याच्या काट्याला (मागच्या उंच कडेला) वळसा घालते तेथे दाबली गेल्यावर एकटा इन्फ्रास्पायनेटस कसा निकामी होतो, हेही दाखवता येईल. अ‍ॅक्सिलरी नसेच्या तरफेवर डेल्टॉइड आणि टेरेस मायनर, तर सबस्कॅप्युलॅरिसची तरफ स्वतंत्र असेल. तेव्हा फिरता खवाटा तूर्त मागे ठेवतो. आधी एकाच कडीत बांधलेले इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनरचे दोर सोडवून वेगळे करायचे आहेत.