तुम्ही विचारलंत म्हणून: फिनलंडचीच विमानं का, आणि नंबराचा एवढा हट्ट कशाला?

विमानांची छोटी मॉडेल्स करतेस ते ठीक, पण फिनलंडचीच का? आणि कुशीवरचा तो बारीक नंबर कोण बघतंय? हे मला नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, मॉडेलवाले तर जरा खोचकपणेच विचारतात. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका.

फिनलंडच्या हवाई दलाची नंबर देण्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. दोन अक्षरं विमानाच्या प्रकाराची, पुढे त्या एका विमानाचा क्रमांक. हरिकेन एचसी, ब्लेनहाइम बीएल, मेसरश्मिट एमटी, आजचं हॉर्नेट एचएन. अमेरिकेकडून घेतलेली ४४ ब्रूस्टर लढाऊ विमानं म्हणजे बीडब्ल्यू-३५१ ते बीडब्ल्यू-३९४. नावातली दोन अक्षरं उचलायची, झालं, असं तुम्हाला वाटेल. मग फोकरकडे बघा. सी.५ ला एफओ, सी.१० ला एफके आणि डी.२१ ला एफआर. एकाच कंपनीची तीन विमानं, तीन जोड्या. सोव्हिएत सैन्याकडून हाती लागलेल्या एसबी बॉम्बरांना आधी व्हीपी म्हणजे नुसतं 'रशियन बॉम्बर', पुढे एसबी. आणि नव्या एफ-३५ ला जेएफ!

मी स्वतः पूर्वी छातीठोकपणे सांगायचे की यात नियम आहे. ड्राकेन डीके-२०१ पासून, हॉक एचडब्ल्यू-३०१, हॉर्नेट एचएन-४०१, एफ-३५ जेएफ-५०१. बघा, शंभराच्या पायऱ्या! पण फूगा मॅजिस्टर एफएम-१ पासून सुरू होतं. आणि ब्रूस्टरवर बेतलेलं फिनलंडचं स्वतःचं हुमू एकच तयार झालं, त्याचा नंबर एचएम-६७१. तरी त्या पायऱ्या मनातून जात नाहीत, हेही खरं.

आता ती प्रदर्शनाची गोष्ट. एका संस्थेनं शाळेच्या हॉलमध्ये भरवलं होतं. मी ब्रूस्टर बीडब्ल्यू-३७२ ठेवलं होतं. कुशीवर निळं स्वस्तिक. ते नाझींचं नव्हे. स्वीडनच्या काउंट एरिक फॉन रोसेननं ६ मार्च १९१८ला फिनलंडला विमान भेट दिलं, त्यावर त्याचं हे शुभचिन्ह होतं. तेच हवाई दलानं उचललं. उद्घाटनाला अर्धा तास असताना संयोजक आले. म्हणाले, "ताई, पाहुण्यांमध्ये परदेशी मंडळी आहेत, उगाच वाद नको." मी रोसेन सांगितला, साल सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पांढऱ्या कागदाची पट्टी आडवी चिकटवली. मॉडेल वीतभरही नाही. स्वस्तिकाबरोबर नंबरही गेला.

"चिन्ह झाका, पण नंबर तेवढा मोकळा ठेवा," मी म्हटलं. "नंबरात काय आहे?" ते खरोखरच न कळून म्हणाले. मी काही बोलले नाही. दिवसभर लोक विचारत होते, हे कुठलं विमान? मी सांगत होते, ब्रूस्टर.

नंबरात काय आहे ते तिथंच सांगायला हवं होतं का? एवढ्या गर्दीत कोण ऐकणार होतं! २५ जून १९४२ला फिनलंडच्या लाउरी पेकुरी या वैमानिकानं याच विमानातून दोन सोव्हिएत हरिकेन पाडली, मग या विमानालाच गोळ्या लागल्या. त्यानं ते कारेलियातल्या कोलेयार्वी तळ्यात उतरवलं आणि चालत आपल्या हद्दीत परतला. विमान बुडालं. १९५८ मध्ये फिनलंडच्या वैमानिकांत आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो याच पेकुरीनं, आणि तेही नॅटमधून, आपल्या १९७१च्या लढाईतल्या त्या नॅटच्या भावंडातून. १९९८ मध्ये तळ्यातून ब्रूस्टर वर काढलं, ते अमेरिकेत पेन्साकोलाच्या संग्रहालयात गेलं, आणि पुढे फिनलंडमध्ये टिक्काकोस्कीच्या संग्रहालयातही आलं. बाकी त्रेचाळीस ब्रूस्टरांची गोष्ट ही नाही. दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण स्वस्तिक काढतो, पण हिशेब खात्याच्या नावानंच लागतो ना!

काहींनी तोडगा सुचवला: १ एप्रिल १९४५ पासून स्वस्तिकाऐवजी पांढरी-निळी वर्तुळं आली, ब्रूस्टर तर १९४८ पर्यंत उडत होती, मग ती वर्तुळं लाव. लावते की! पण मग नंबर दुसरा घालीन. १९४५ मध्ये ३७२ तळ्याच्या गाळात होतं, त्याच्यावर वर्तुळं कधी आलीच नाहीत.

हे सगळं ठामपणे म्हणते खरी. पण संयोजकांनाही पूर्ण दोष देववत नाही. फिनलंडच्या हवाई दलाच्या मुख्यालयानं आपल्या बोधचिन्हातलं स्वस्तिक २०१७ मध्ये गाजावाजा न करता काढलं. आणि माझी भाची म्युनिकला असते, विमानांची तिला भारी हौस. तिच्यासाठी मी हुमू करतेय. ३७२ तिकडे जर्मनीत, स्वस्तिकासकट, नेईन का? नाही नेणार.