गोलकीपरचा टी-शर्ट

स्वीडनच्या गोथिया कपला बेळगावातून पोरं न्यायची म्हणजे आधी व्हिसासाठी बंगळूरच्या रात्रीच्या बशी. मग विमानं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

१९७५ पासून गोटेनबर्ग शहरात ही पोरांची फुटबॉल स्पर्धा भरते. राहायचं शाळेच्या वर्गात, जमिनीवर गाद्या टाकून. पोरांना मजा, पन्नाशीच्या माणसाच्या कमरेला सजा. त्यात जुलैत तिथं सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळं झोपा म्हटलं तरी कोण झोपतंय!

पहिली मॅच हेडनला, भर शहरातल्या कृत्रिम गवतावर. आपल्याकडं जुलैत मैदान म्हणजे लाल चिखल. चेंडू जाग्यावर रुततो, म्हणून पोरांना तो उचलूनच मारायची सवय. इथं तसा मारला की एका टप्प्यात रेषेबाहेर. हाफटाइमला कोच ओरडले, "जमिनीवरनं द्या रे!" त्यानंतर जरा बरं खेळले, पण सहा गोल खाल्लेच.

शिट्टी झाली तसा समोरच्या नॉर्वेच्या संघातला एक पोरगा आला, अंगातली जर्सी काढली आणि आमच्या गोलकीपरपुढं धरली. हा खानापूरकडचा, बापानं सोसायटीचं कर्ज काढून पाठवलेला. यानंही जर्सीला हात घातला आणि माझ्याकडं बघितलं. "काका, देऊ की?"

"नको रे! जमा करायच्या आहेत," मॅनेजरसर लांबूनच ओरडले.

त्या नॉर्वेच्या पोराला काय कळणार? त्याला वाटलं, याला आपली जर्सी आवडली नाही. त्यानं हात खाली घेतला. माझं डोकंच फिरलं. लाखांनी पैसे घालून पोरं एवढ्या लांब आणायची आणि शर्टासाठी हात आखडायचा! तसं बोललोही. सर म्हणाले, "रजिस्टरात सही माझी आहे, तुमचं काय जातंय?" तेही खरंच. क्लबवाले एकेक नंबर मोजून घेतात.

तोवर गोलकीपर पळत जाऊन बॅगेतनं टी-शर्ट घेऊन आला. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा, भगवा, पुढं गणपती आणि पाठीवर देणगीदार हार्डवेअर दुकानाचा फोन नंबर. त्या पोरानं तिथंच अंगात घातला आणि अख्ख्या संघाला फिरून दाखवला.

पुढचे दिवस हरण्यात आणि शहर बघण्यात गेले. एक मॅच जिंकलो, तीही पेनल्टीवर. पण भगवा टी-शर्ट बघून रोज कुणी ना कुणी आमच्या वर्गाच्या दाराशी यायचं. शेवटी मॅनेजरसरच गाद्यांमधून विचारत फिरले, "आणि कुणाकडं मंडळाचे टी-शर्ट आहेत काय रे?"