अ‍ॅकॉर्ड अपडेट: थरथर गेली, मग दुसरंच काहीतरी आलं

तर मंडळी, माझ्या ऑटोमॅटिक होंडा अ‍ॅकॉर्डची 65 ते 75 किलोमीटरच्या वेगाला येणारी थरथर गेली! रविवारी पहाटे खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, जाताना येताना दोन्हीकडून 65 ते 75 च्या मध्ये मुद्दाम रेंगाळलो, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून दमले पण गाडी लोण्यासारखी. हे वाक्य मी बुधवारी लिहून ठेवलं होतं आणि गुरुवारी माझा माज उतरला, ते खाली येतंच.

मागच्या वेळी सांगितलं होतं की प्लग बदलले, एक इग्निशन कॉइल बदलली, इंजिनचं पुढचं माउंटिंग बदललं आणि फरक शून्य. कॉइलच गेलीय म्हणणाऱ्यांनो, राग नाही, मलाही तेच वाटत होतं. शेवटी खरं दुखणं सापडलं ते एक रुपया न खर्च करता. टॉपमध्ये 70 ला, अगदी हलक्या पायाने गाडी चालू ठेवायची, थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेकला फक्त शिवायचं, दाबायचं नाही, मागचा दिवा लागेल इतकंच. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे ऑइलने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि एकसारख्या वेगाला त्यातला लॉक-अप क्लच दोघांना थेट जोडतो. ब्रेकचा स्विच लागला की हा लॉक-अप सुटतो. आरपीएम 1500 वरून 1700 च्या पुढे गेला आणि त्याच क्षणाला थरथर बंद! पाय काढला, लॉक-अप परत लागला, दोन सेकंदात थरथर हजर. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. इंजिन मिसिंग असतं तर ब्रेकला शिवून ते असं चुटकीसरशी गेलं नसतं. (हा प्रयोग रिकाम्या रस्त्यावरच करा, डाव्या पायाला ब्रेकची सवय नसते, पहिल्या वेळी बायकोचा चहा डॅशबोर्डवर गेला.)

म्हणजे दुखणं लॉक-अप क्लचमध्ये. आणि आता कबुली. एप्रिलमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल मीच बदललं होतं आणि ते मी इथे लिहिलं नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. होंडाचं स्वतःचं ऑइल डीडब्ल्यू-1 मिळायला आठवडा लागेल असं कळलं, मला त्याच शनिवारी काम उरकायचं होतं, नाना पेठेत एका काउंटरवर लाल रंगाचा डबा मिळाला, त्यावर वीसेक कंपन्यांची नावं आणि होंडाचं झेड-1 पण (डीडब्ल्यू-1 च्या आधीचं ऑइल, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-1 च घालतात). दुकानदार म्हणाला, "साहेब, डेक्स्रॉन 3 आहे, होंडाच्या पुस्तकातच लिहिलंय चालतं म्हणून." घरी येऊन पुस्तक उघडलं तर खरंच लिहिलंय! म्हणून टाकलं.

फक्त मी ते वाक्य पुढे वाचलं नाही. झेड-1 मिळत नसेल तर डेक्स्रॉन 3 तात्पुरतं चालेल, पण वापरत राहिलात तर शिफ्टिंग बिघडू शकतं, जमेल तितक्या लवकर काढून परत झेड-1 भरा, असं पूर्ण वाक्य आहे. अडीअडचणीची सोय आहे ती, परवानगी नाही. दुसरी गंमत म्हणजे डेक्स्रॉन हे मानक जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, आणि त्यांनी डेक्स्रॉन 3 ची लायसन्स 2006 संपताना बंद केली. म्हणजे आज डब्यावर डेक्स्रॉन 3 छापलेलं असेल तर ते जीएमने तपासलेलं नाही, डबेवाल्याचा शब्द आहे फक्त. 'सूटेबल फॉर' चंही तेच, सूटेबल कोण म्हणतंय तर विकणारा. आणि लाल रंग म्हणजे नुसता डाय, गळती ओळखता यावी म्हणून. सगळीच मल्टी-व्हेइकल ऑइलं टाकाऊ असं मी म्हणत नाहीये, चांगल्या नावाची टाकून वर्षानुवर्षं खुश असलेले लोक आहेत. माझ्या गाडीने मात्र चार महिन्यांत हात टेकले.

का होतं असं, तर शाळेतला खडू आठवा. एका कोनात धरला की सरळ रेष, कोन चुकला की टकटकटक करत ठिपक्यांची रेष. चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो. लॉक-अप क्लच थोडा घसरत लागतो, त्या घसरण्यात घर्षण किती आणि कसं बदलावं हे ऑइलमधले फ्रिक्शन मॉडिफायर ठरवतात. ते त्या क्लचच्या अस्तराशी जुळले नाहीत की ठिपक्यांची रेष. आणि प्रत्येक कंपनीची ही रेसिपी वेगळी, म्हणून टोयोटाचं टी-4, मित्सुबिशीचं एसपी-3, क्रायसलरचं एटीएफ+4 अशी सगळी जत्रा. पूर्वी अमेरिकेत या कामाला स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, 70 च्या दशकात व्हेलला संरक्षण मिळालं आणि केमिस्टांची धावपळ झाली. एका माशाशिवाय (हो हो, सस्तन प्राणी) गिअर पडत नव्हते राव.

तर उपाय. फ्लशिंग मशीनवाल्यांना हात जोडले, जुन्या बॉक्समध्ये प्रेशरने कचरा कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. साधं ड्रेन-फिल, म्हणजे खालचा नट काढून जुनं सोडायचं आणि तितकंच नवं भरायचं. अडचण अशी की बॉक्समध्ये सगळं मिळून साडेसहा लिटर आणि नट काढल्यावर निघतं फक्त अडीच, बाकी कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. हिशोब करा: एकदा केलं की जुनं 62 टक्के उरतं, दोनदा 38, तीनदा 23, चारदा 14. त्यामुळे "एकदा बदलून बघितलं, फरक नाही" म्हणणाऱ्यांनी बदललेलंच नसतं. डीडब्ल्यू-1 चे चार लिटरचे तीन जपानी डबे मागवले, अधिकृत पार्ट्स काउंटरवरून. आठवडा लागला. एप्रिलमध्ये हाच आठवडा थांबलो असतो तर!

ड्रेन नटला पाना लागत नाही, थ्री-एट्थ रॅचेटचं चौकोनी टोक थेट बसतं. काय सुख आहे ते. नवीन वायसर घाला, 49 न्यूटन मीटर, टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा, अ‍ॅल्युमिनियमची केसिंग आहे, मिस्त्रीच्या दंडाचा जोर नको तिथे. नटच्या मॅग्नेटवर काळी बारीक मलई होती, बोटावर घासली तर खरखर लागली नाही, एकही चकचकीत तुकडा नाही. त्या मॅग्नेटचे मी बारा फोटो काढलेत.

पहिल्या ड्रेन-फिलनंतर काही नाही. दुसऱ्यानंतर थरथर फक्त गाडी पूर्ण गरम झाल्यावर, चढावर. मधे प्रत्येक वेळी सगळे गिअर फिरवून दीडशे-दोनशे किलोमीटर चालवली. तिसरं गेल्या शनिवारी, पावसामुळे गॅरेजच्या रॅम्पवर. आणि रविवारी, वर लिहिलंय ते.

गुरुवारी नवीन कात्रज बोगद्याच्या चढावर दोनातून तीनात जाताना आरपीएम एकदम वर, मग धप्पकन गिअर. परत तेच. घरी आलो तर बॉनेटमधून गरम ऑइलचा वास, खाली थेंब. पोटात गोळा. क्लच पॅक (गिअर धरणाऱ्या चकत्या) गेला, आता बॉक्स उतरवायचा, अशी रात्रभर आकडेमोड. सकाळी डिपस्टिक काढली, लेव्हल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, आणि ऑइलवर साबणासारखा फेस.

गॅरेजवाल्या दादांना फोन केला. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "चालू इंजिनवर बघितलं, कमी वाटलं म्हणून थोडं टाकलं." आता टोयोटात चालू इंजिनवरच बघतात, त्यांचा हात तसाच बसलाय. होंडात गाडी गरम करायची, सपाटीवर बंद करायची आणि 60 ते 90 सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. चालू असताना पंपाने ऑइल ओढलेलं असतं, लेव्हल खोटी कमी दिसते. चूक माझीही, मी चहा प्यायला गेलो होतो. जास्त भरलं की फिरते गिअर ते घुसळतात, फेस होतो, फेसाने प्रेशर धरत नाही, गिअर सटकतो. फिश टँकची नळी आणि 60 मिलीची सिरिंज, डिपस्टिकच्या भोकातून दहा वेळा ओढून 600 मिली काढलं. शुक्रवारी संध्याकाळी परत कात्रज. दोन, तीन, चार, काही कळलंच नाही कधी पडले.

चौथं ड्रेन-फिल दिवाळीनंतर करणार होतो. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचचे प्रेशर स्विच (ऑइलचं प्रेशर ओळखणारे) या वयाच्या बॉक्सला तसेही बदलतात, आणि ते काढताना थोडं ऑइल सांडतंच, मग दोन्ही एकदम का नको? म्हणजे आधी स्विच मागवतो, ओरिजिनलच, स्वस्तातला घेण्याची हौस एप्रिलमध्ये फिटली. दरम्यान प्रत्येक वेळचं ऑइल काचेच्या बाटलीत किलोमीटर लिहून ठेवलंय, टिश्यू पेपरवर थेंब टाकून बघतोय. पहिल्याचा डाग मधे काळा आणि आखडलेला, तिसऱ्याचा फिका गुलाबी, कडेपर्यंत पसरलेला. बाटल्या सध्या खिडकीत आहेत, आईने एकदा रूहअफ्जा समजून हात घातलाय, तेव्हा जागा बदलावी लागेल.

ज्याने त्याच्या होंडा सिटीच्या ऑइलबद्दल विचारलं होतं त्याला: 2014 ची सिटी सीव्हीटी आहे, तिला होंडाचं सीव्हीटीचं ऑइल एचसीएफ-2 लागतं, डीडब्ल्यू-1 अजिबात घालू नकोस. बेल्ट-पुलीचा मामला वेगळा. आणि चौथ्या राउंडनंतर माझ्याकडे दीड लिटरला थोडं कमी डीडब्ल्यू-1 उरेल. टॉप-अपला कुणाला हवं असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा, डबा मात्र परत द्या, छान आहे.