जीआय बिल, कम्युनिटी कॉलेज आणि एक सीलबंद लिफाफा

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करून मग जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायच्या कायद्यावर, शिकायला बसलेली मराठी माणसं मोजकीच असतील. पण जी आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांचं भारतात काही ना काही शिक्षण झालेलं असतं, आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खाऊन बसलं. आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही, हेही कारण आहेच.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भावकीत घरटी एक फौजी. माझे वडील, आबा, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी बी.एस्सी.ची दोन वर्षं केली, तिसऱ्या वर्षी आई आजारी पडली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. लग्न होऊन न्यू जर्सीला आले, ग्रीन कार्ड होतं, २०१९ मध्ये इथल्या आर्मीत भरती झाले. चार वर्षं स्टोअरचं काम केलं, त्यातला बराचसा काळ कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीत. नागरिकत्व नोकरीत असतानाच मिळालं. एप्रिल २०२३ मध्ये बाहेर पडले आणि घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या दोन वर्षांच्या डिग्रीला नाव घातलं.

सुरुवातीचं सगळं सुतासारखं सरळ झालं. अर्ज ऑनलाइन भरला, तीन आठवड्यांत पात्रतेचं पत्र हातात आलं. ९/११ नंतरच्या जीआय बिलात सक्रिय सेवा ३६ महिने भरली की १०० टक्के लाभ मिळतो, त्यापेक्षा कमी असेल तर टक्का उतरत जातो. हा लाभ एकूण ३६ महिन्यांच्या शिक्षणापुरता. फी सरकार थेट कॉलेजला भरतं, पुस्तकांना वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर मिळतात आणि वर घरभाड्याचा भत्ता. हा भत्ता तुम्ही राहता कुठे यावर ठरत नाही, कॉलेजच्या झिप कोडवर ठरतो. सगळे वर्ग ऑनलाइन घेतले तर तो देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो, म्हणून एक तरी वर्ग कॉलेजात जाऊन बसायचा घ्या. माझ्या ओळखीच्या एकाने घरबसल्या सोय म्हणून चारही विषय ऑनलाइन घेतले आणि पहिला भत्ता जमा झाल्यावर डोक्याला हात लावून बसला.

फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा आबांना पटेना. "आगं, पगार दिला, खायला घातलं, आता शिकवत्यातबी?" मी त्यांना सांगितलं की ही पद्धत १९४४ पासूनची आहे. दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच रूझवेल्टनी कायद्यावर सही केली होती, आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत नाव घातलेल्यांपैकी ४९ टक्के माजी सैनिक होते. आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग नीट शिक."

कॉलेजबद्दल आधी चांगलं लिहिते, कारण ते मनापासून आहे. "थँक यू फॉर युवर सर्व्हिस" हे इथे दुकानातही ऐकू येतं. मला सुरुवातीला त्यावर काय बोलावं ते सुचायचं नाही. आमच्या कॉलेजात मात्र त्या आभाराला एक खोली आहे. लायब्ररीच्या मागे, दोन जुने सोफे, कॉफीचं भांडं, फुकट प्रिंटर आणि एक टेबल. त्या टेबलाशी बसणाऱ्या बाई सर्टिफाइंग ऑफिसर, म्हणजे आपण कोणते वर्ग घेतले ते व्हेटरन्स (माजी सैनिक) खात्याला कळवणाऱ्या. स्वतः नेव्हीत होत्या. पहिल्या सेमिस्टरला सरकारकडून फी यायला उशीर झाला आणि कम्प्युटरने आपोआप माझ्या नावावर थकबाकी लावून पुढची नोंदणी अडवली. मी घाबरून गेले होते. बाईंनी फोन उचलला, दोन मिनिटं बोलल्या, अडथळा गेला. नंतर समजलं की हा उपकार नाही, कायदा आहे: १ ऑगस्ट २०१९ पासून, पात्रतेचं पत्र कॉलेजला दिलेलं असेल तर सरकारी पैसे उशिरा आले म्हणून विद्यार्थ्याला दंड करता येत नाही, वर्गात किंवा लायब्ररीत यायला मनाई करता येत नाही. पण कायदा असला तरी फोन उचलणारं माणूस लागतंच.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारी २०२४, दुसऱ्या सेमिस्टरचा पहिलाच आठवडा. बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, तुझ्या अर्जात भारतातलं कॉलेज लिहिलेलं आहे, त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विषयवार गुणांचा अधिकृत उतारा, आमच्याकडे नाही. नियम असा आहे की जीआय बिलावर शिकणाऱ्याचं आधीचं सगळं शिक्षण कॉलेजने तपासायचं, लागू पडेल तेवढे क्रेडिट द्यायचे आणि डिग्री तेवढी आखूड करायची. आर्मीतल्या ट्रेनिंगचं ट्रान्सक्रिप्ट, ज्याला जेएसटी म्हणतात, ते मी घरबसल्या मागवलं होतं. बेसिक ट्रेनिंगबद्दल व्यायामाचे क्रेडिटसुद्धा मिळाले. भारतातल्या शिक्षणाचं मात्र विषयवार मूल्यमापन एका मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यायचं, आणि त्या संस्थेला मूळ ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून सीलबंद लिफाफ्यातच हवं. आमचं कॉलेज दोन सेमिस्टर थांबतं. तिसऱ्याला सर्टिफिकेशन पाठवत नाही. सर्टिफिकेशन नाही म्हणजे फी नाही, भत्ता नाही.

मला वाटलं, दोन महिन्यांचं काम. गुणपत्रिका होत्या की माझ्याकडे! आबांनी दोन्ही वर्षांच्या छान लॅमिनेट करून दिल्या होत्या. (गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का बसत नाही.)

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. आमच्या गावापासून एसटीने पाच तास. आबा तेव्हा ६६ वर्षांचे, ज्येष्ठ नागरिकाच्या अर्ध्या तिकिटावर पहाटेच्या गाडीने गेले. परीक्षा विभागाच्या खिडकीवर त्यांना सांगितलं, विद्यार्थिनीने स्वतः यावं, नाहीतर अधिकारपत्र द्यावं. मी त्याच रात्री सही करून स्कॅन पाठवलं. दुसऱ्या फेरीला कळलं, स्कॅनवरची सही चालत नाही, शाईची पाहिजे, शिवाय अर्जावर आधी कॉलेजच्या प्राचार्यांची सही हवी. पहिल्या फेरीलाच हे दोन्ही सांगता आलं नसतं का? माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते इथे. खिडकीवरच्या माणसाला पूर्ण यादी पाठ असते, पण तो एका वेळी एकच ओळ वाचून दाखवतो, आणि प्रत्येक ओळीमागे समोरच्याचा एक दिवस जातो.

मी मूळ अधिकारपत्र कुरिअरने पाठवलं. आबांनी माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन सही आणली. तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, पैसे भरून घेतले, पावती दिली आणि "काम झालं की फोन येईल" म्हणून सांगितलं. फोन आला नाही. मार्चभर मी रोज रात्री आबांना विचारायचे आणि ते रोज सकाळी त्या नंबरवर लावायचे. एकदा उचलला तेव्हा समजलं, परीक्षांचे दिवस आहेत, आत्ता हे काम कोणी बघत नाही.

एप्रिलच्या शेवटी लिफाफा अमेरिकेत पोचला. मला इतका आनंद झाला की त्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगून आले. चार दिवसांनी मूल्यमापन संस्थेची ईमेल आली: लिफाफा अमान्य. फ्लॅप नुसता सेलोटेपने चिकटवला होता. त्यावर सही नाही, शिक्का नाही. आतल्या कागदावर तीन शिक्के होते, पण बाहेर काहीच नाही म्हणून त्यांच्या लेखी तो कोणीही वाटेत उघडू शकला असता.

त्या दिवशी मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. चार वर्षं आर्मीच्या स्टोअरमध्ये मी हेच काम केलं होतं: पेटीवरचं सील बघायचं, नंबर जुळवायचा, सही घ्यायची. सील नसलेली पेटी मीही घेतली नसती, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

आबांना मी या वेळी सगळं चित्र काढून पाठवलं. लिफाफ्याची मागची बाजू, फ्लॅपची रेघ, शिक्का अर्धा फ्लॅपवर आणि अर्धा खाली, सही तशीच आरपार, आणि सगळं झाल्यावर वरून टेप. आबा पुन्हा गेले, पण सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली होती आणि नवीन साहेबांच्या सहीचा नमुना वर मंजूर व्हायचा होता. महिना त्यात गेला. जूनच्या अखेरीस आबा पाचव्यांदा गेले ते शर्टाच्या खिशात गोंदाची काडी आणि माझं चित्र घेऊन. साडेचार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग त्यांच्या डोळ्यांसमोर लिफाफा चिकटवला गेला, शिक्का पडला, सही झाली, आणि आबांनी तिथेच फोटो काढून मला पाठवला. आमच्याकडे सकाळ होती. मी उठून तो फोटो मोठा करून शिक्क्याची कड न कड बघितली.

एक गोष्ट मला आबांनी सांगितली नाही, दादाने नंतर सांगितली. दुसऱ्या फेरीत खिडकीवरचा माणूस आबांना म्हणाला होता, "पोरगी तिकडं गेलीय ना, मग तिकडंच करू द्या." आबा काही न बोलता बाजूला जाऊन उभे राहिले, आणि रांग संपल्यावर पुन्हा पुढे गेले. वीस वर्षं देशाची नोकरी केलेला माणूस. खिशात माजी सैनिकाचं ओळखपत्र होतं, ते त्यांनी काढूनही दाखवलं नाही.

तिसरं सेमिस्टर सुरू झालं तेव्हा अहवाल यायचाच होता. फीचा पहिला हप्ता आम्ही खिशातून भरला, घरभाडं नवऱ्याच्या पगारावर काढलं. सप्टेंबरच्या मध्यावर अहवाल आला. कॉलेजने रसायनशास्त्र आणि गणित मिळून ११ क्रेडिट मान्य केले. दुसऱ्याच दिवशी बाईंनी सर्टिफिकेशन पाठवलं. तुंबलेला भत्ता ऑक्टोबरात आला, भरलेला हप्ताही परत मिळाला. आणि ते ११ क्रेडिट म्हणजे माझ्या ३६ महिन्यांतले वाचलेले दिवस, जे पुढे चार वर्षांच्या कॉलेजात वापरता येतील. नियम माझ्याच फायद्याचा होता, हे तेव्हा मान्य केलं. राग नियमावर नव्हताच.

मधेच आठवलं ते लिहून टाकते. भत्ता मागच्या महिन्याचा पुढच्या महिन्यात येतो, आणि दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीचा येतच नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी आधीपासून पैसे बाजूला ठेवा. दर महिन्याच्या शेवटी मी अजून शिकते आहे का, असा मेसेज येतो, त्याला उत्तर द्यायचंच. सलग दोन महिने राहिलं तर भत्ता थांबतो. वर्ग सोडायचा असेल तर सोडायच्या आधी सर्टिफाइंग ऑफिसरला विचारा, नंतर नाही, कारण दिलेले पैसे सरकार परत मागू शकतं. डिग्रीत न बसणारा विषय आवड म्हणून घेतला तर त्याची फी आपली आपण. आणि फाफ्साचा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जाचा, फॉर्म जरूर भरा. जीआय बिल मिळतंय म्हणून पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारं, परत न करायचं सरकारी अनुदान) मिळणार नाही असं मला वाटत होतं, ते चूक होतं.

भारतात सहा महिने शिकलेला असाल तरी अर्जात लिहा. लपवलं असतं तर सुटले असते, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण खोटं लिहून घेतलेला पैसा मला नको होता, आणि आबांनाही चालला नसता. फक्त भरतीचा विचार करत असाल तर ट्रान्सक्रिप्ट आधीच मागवून ठेवा. सुटल्यावर नव्हे.

११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे. कॉलेजात सकाळी नाश्ता ठेवला होता. एका कोपऱ्यात परत न आलेल्यांसाठी पांढऱ्या कापडाचं रिकामं टेबल, त्यावर एक गुलाब आणि ताटलीत लिंबाची फोड. प्राचार्यबाई भाषण न करता एकेका टेबलाशी येऊन कोण कुठल्या तुकडीत होतं ते विचारत होत्या. मला विचारलं तेव्हा मी माझं सांगितलं आणि आबांचंही सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून आबांबद्दल ऐकलं.

संध्याकाळी फोन केला. तिकडे बारा तारखेची सकाळ झाली होती, आबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले होते. मी सांगितलं, आज आमच्या कॉलेजात तुमचं नाव निघालं. आबा म्हणाले, "बरं झालं. तो दुसरा लिफाफा नीट ठेवलायस नव्हं?"

ठेवला आहे. पाचव्या फेरीत त्यांनी न विचारता जादा पैसे भरून दोन प्रती घेतल्या होत्या. एक माझ्या टेबलाच्या खणात आहे, शिक्क्यासकट, न उघडलेली. चार वर्षांच्या कॉलेजात अर्ज करताना लागेल.