अर्ध्या गुणाने गेलेली नोकरी

ब्रिटनमध्ये कंपनीचं रिस्ट्रक्चरिंग निघालं की कुऱ्हाड आधी मधल्या फळीवर पडते. बायका मोठ्या संख्येने पोचल्यात त्या याच फळीपर्यंत.

तीन पदांची दोन झाली की तिघांचा 'पूल' करतात आणि कामगिरी, कौशल्य, हजेरी अशा रकान्यांत गुण देतात. सगळ्यात कमी गुणांचा माणूस बाहेर. मग बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईची कामगिरी मोजायची कशी? 2011 साली एका लॉ फर्मचा खटला अपिलात गेला, तो यावरूनच. काम झाल्यापासून अशिलाचे पैसे यायला किती दिवस लागले, हा एक रकाना होता. ती रजेवर, म्हणून तिला सरसकट पूर्ण 2 गुण. पुरुष सहकाऱ्याला अर्धा. बेरीज 27.5 आणि 27. त्याची नोकरी गेली, आणि त्याने खटला जिंकला. ती रजेवर जाण्याआधीचे दोघांचे आकडे घेता आले असते, असं न्यायाधिकरणाने सांगितलं. मला हे पूर्ण पटतं. असे बहाल केलेले गुण पुढे कितीतरी वर्षं त्याच बाईला ऐकवले जातात.

खरा आधार वेगळा आहे. पद जात असेल आणि दुसरी योग्य जागा रिकामी असेल, तर ती तिला आधी द्यावी लागते, मुलाखतीत चढाओढ न लावता. 6 एप्रिल 2024 पासून हा हक्क गरोदरपण कळवल्यापासून बाळ 18 महिन्यांचं होईपर्यंत आहे. पण जागेचं वर्णन लिहिणार कंपनीच. त्यात सतत प्रवास घातला की ती 'योग्य नाही' म्हणायला वाव मिळतो. मग बाई हाताखाली टीम नसलेलं 'स्पेशालिस्ट' पद पत्करते. पगार तोच, त्यामुळे मोठ्या कंपन्या दरवर्षी जाहीर करतात त्या स्त्री-पुरुष पगार-तफावतीच्या आकड्यांत काही दिसत नाही. बढतीच्या वेळी मात्र विचारतात, टीम किती जणांची सांभाळलीत?

आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी रजा आहे. इथे ब्रिटनमध्ये कायद्याने 90 टक्के पगार फक्त 6 आठवडे. यात आपण पुढे आहोत, हे ठणकावून सांगावं. पण आपल्या कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत मॅनेजर बसतच नाही, त्यामुळे कपातीत तिच्या हाती फारसं काही उरत नाही.

इथे असाल तर गरोदरपण मेलनेच कळवा. रजा संपण्याआधी बाळाची जन्मतारीखही लेखी द्या, नाहीतर 18 महिने प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्यापासून मोजतात. कन्सल्टेशन, म्हणजे कपातीआधी कंपनी कर्मचाऱ्यांशी करते ती सल्लामसलत, सुरू होताच रिकाम्या जागांची यादी मागा, आणि रजेतही ऑफिसचा मेल चालू ठेवायला सांगा. जागा बऱ्याचदा तिथेच जाहीर होतात.