पडद्यावरचं आपलं माणूस जातं तेव्हा

मालिकेतला आवडता नट गेला की डोळे भरून येतात, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ओळख ना पाळख, एवढं काय? हे बोलणं मला आजही पटलं नाही. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेचे २३६ भाग. २२ मिनिटांचा एक धरला तरी ८६ तासांच्या वर जातात, तेही घरात, जेवताना, एकटेपणात. त्यातला नट मॅथ्यू पेरी २०२३ च्या ऑक्टोबरात ५४व्या वर्षी गेला तेव्हा लोक रडले ते या तासांपायी. अशा एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय.

धक्का जास्त बसतो तो जुने भाग पुन्हापुन्हा पाहिल्यामुळे. घरातली माणसं रोज थोडीथोडी पिकतात, नट मात्र शेवटच्या भागातल्या वयावरच थांबलेला असतो. मग एकदम वीस वर्षांनंतरची मुलाखत समोर येते. चेहरा रंगरंगोटीने सावरलेला, पण हातांवरच्या शिरा वर आलेल्या, आणि ओळखीचा आवाज एखाद्या शब्दापाशी अडतो. म्हणून त्यांचं नंतरचं कामही अधूनमधून पाहत राहावं, वय पचायला वेळ मिळतो.

बातमी आली की आधी घरच्यांचं निवेदन आलंय का बघावं, जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहण्याचे प्रकार फार होतात. आजारपणातले फोटो शोधू नयेत, पुढे कितीतरी दिवस तेच डोळ्यांपुढे येतात. त्या रात्री शेवटचा भागही लावू नये, त्यात आधीच निरोप भरलेला असतो. मधलाच कुठला तरी साधा भाग लावावा.

‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमातले दुकानदार मिस्टर हूपर, म्हणजे विल ली, डिसेंबर १९८२ मध्ये गेले. दुसरा नट आणता आला असता, हूपर गावाला गेले असंही सांगता आलं असतं. तसं केलं नाही. २४ नोव्हेंबर १९८३ ला, मोठी माणसं घरी असतील अशा सुट्टीच्या दिवशी, तो भाग दाखवला. बिग बर्डने, म्हणजे त्यातल्या मोठ्या पिवळ्या पक्ष्याने, सगळ्यांची चित्रं काढलेली असतात. हूपरचं चित्र द्यायला तो त्यांना शोधतो, आणि ते आता कधीच येणार नाहीत हे मोठ्यांना त्याला समजावून सांगावं लागतं. ते सांगताना त्यांचेच गळे दाटतात. शेवटी तो ते चित्र आपल्या घरट्यापाशी लावतो.