उपडी वाटी आणि थरथरणारा हायड्रोजन

गेले तीन आठवडे मी कॉम्प्युटरवर एकाच क्रिस्टलशी भांडतोय. लँथॅनम हायड्राइड, एका लँथॅनममागे दहा हायड्रोजन, आणि प्रेशर १५० गिगापास्कल, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ १५ लाख पट. दिसायला एकदम देखणं प्रकरण, ३२ हायड्रोजनचा पिंजरा आणि मधोमध लँथॅनम. बाकी सगळं कॅल्क्युलेशन सुरळीत झालं, मग फोनॉन काढले आणि ग्राफ गेला की शून्याच्या खाली!

फोनॉन म्हणजे अणूंच्या थरथरण्याच्या तऱ्हा. अणूला जरासं ढकलायचं आणि तो जागेवर परत येतो का ते बघायचं. वाटीतली गोटी परत येते, उपड्या वाटीवरची घरंगळते. घरंगळली की फ्रिक्वेन्सी इमॅजिनरी येते, ग्राफवर आम्ही ती निगेटिव्ह दाखवतो, आणि अर्थ एवढाच की बाबा ही रचना टिकणार नाही.

पण ती टिकते ना! २०१९ मध्ये जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये एरेमेट्स यांच्या ग्रुपने हिऱ्यांच्या चिमटीत १७० गिगापास्कलला दाबून २५० केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज जराही अडथळ्याशिवाय वाहणं, दाखवली. २५० केल्विन म्हणजे उणे २३ डिग्री, घरच्या फ्रीझरपेक्षा थोडंच थंड. आणि मजा म्हणजे २०१७ लाच हे कॅल्क्युलेशनमधून सांगून झालं होतं. त्याआधी गंधकाच्या हायड्राइडचंही तसंच, २०१४ मध्ये चीनच्या जिलिन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०० गिगापास्कलला १९१ ते २०४ केल्विनचा आकडा काढला आणि २०१५ ला माइन्झमध्ये २०३ मिळाला. आधी कॉम्प्युटर बोलतो मग हिरे, म्हणून तर मी या भानगडीत पडलो.

मग माझं चुकलं कुठे? के-पॉइंट वाढवले, कटऑफ वाढवला (हिशोब किती बारकाईने करायचा ते ठरवणारे आकडे), इनपुट फाइल चारदा वाचली, काही नाही. चूक माझी नव्हतीच (एकदा तरी!). नेहमीच्या पद्धतीत अणुकेंद्रक म्हणजे एका जागी बसलेला ठिपका धरतात. लँथॅनमला ते चालतं, पण हायड्रोजन सगळ्यात हलका, तो शून्य केल्विनलाही थरथरतच असतो. २०२० मध्ये एरेआ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं, केंद्रक ठिपका धरलं तर २३० गिगापास्कलच्या खाली हा पिंजरा वाकडा होतो, क्वांटम थरथर धरली की सरळ राहतो. वाटीच्या तळाशी बारीक टेंगूळ असलं तरी एवढ्या नाचऱ्या गोटीला ते जाणवत नाही, तिची सरासरी जागा मधोमधच राहते.

अजून एक गोष्ट मला टोचते, म्यू-स्टार. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात त्याचा हिशोब या एका आकड्यात कोंबायचा, आणि तो बहुतेक जण ०.१० ते ०.१३ च्या मधला काहीतरी घेतात. रेसिपीत 'मीठ चवीपुरतं' लिहितात तसं. तेवढ्या फरकाने टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टिव्हिटी येते तो आकडा, चांगलाच हलतो, म्हणून थिअरी आणि प्रयोग तंतोतंत जुळले असं कोणी म्हटलं की मी आधी मीठ किती घातलंय ते बघतो.

असो. आता क्वांटमवालं कॅल्क्युलेशन लावलंय, सुपरसेलमधले (क्रिस्टलचा एकच तुकडा अनेकदा जोडून केलेल्या मोठ्या तुकड्यातले) अणू रँडम हलवायचे, दरवेळी फोर्स काढायचे, असं शेकडो वेळा. आज सकाळी क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कॉम्प्युटरांवर, बघितलं तर जॉब अजून रांगेतच, पुढे ४७ जण.